पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल घेताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांची पहिली चूक दुकानात पाऊल टाकण्याआधीच झालेली असते. या राज्यात हरणाच्या शिकारीला सेंटरफायर रायफल (म्हणजे नेहमीची मोठ्या काडतुसाची रायफल) चालतच नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) नाहीतर धनुष्यबाण, एवढंच. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की बऱ्याच भागांत रायफल चालते (फिलाडेल्फियाच्या आसपास नाही), पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक नाही. ओहायोत सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे निमुळत्या न होणाऱ्या काडतुसाचीच रायफल लागते, म्हणजे .३०८ सारखं निमुळतं काडतूस तिथे बाद. शिकार कुठल्या राज्यात आणि कुठल्या भागात करणार ते आधी ठरवा, त्या वर्षीचे नियम वाचा आणि मगच रायफल बघायला निघा.

एच-१बीवाल्यांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक घ्यायलाच काय, जवळ बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते, पण परवान्याची मुदत संपली की सूटही संपते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: गरजेपेक्षा दांडगं काडतूस. मी ती केली आहे. दुकानदार म्हणाला, ".३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या, पुढे एल्कलाही (हरणाच्या जातीचा मोठा प्राणी) चालेल." घेतली. पहिल्याच हंगामात माझी गोळी हरणीच्या पोटात लागली. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचा माग काढला. ती सापडली नाही. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

नंतर रेंजवर एका जाणत्या मराठी काकांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये एक डमी, म्हणजे न उडणारं काडतूस घातलं. मी नेम धरला, चाप ओढला, नुसता 'खट्' आवाज झाला आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. "बघितलंस? धक्का यायच्या आधीच तू दचकतोयस," काका म्हणाले. डोळेही मिटत होतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का .३०८ च्या साधारण दीडपट बसतो. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आतच दिसतात. तिथे .२४३, ७ मिमी-०८, ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ यांतलं काहीही पुरतं. .३०-०६ तर १९०६ पासून हरणं पाडत आली आहे, पण हलक्या रायफलीत नवख्याच्या खांद्याला ती जड जाते. खेड्यातल्या लहान दुकानातही काडतुसं मिळतील असाच कॅलिबर निवडा.

दस्ता अंगाला बसतो का, हे फार कमी जण बघतात. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. हंगाम ऐन थंडीत असतो, म्हणून जाड कोट घालूनच दुकानात जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल दिसलं तर दस्ता ठीक. काळी कड दिसली किंवा मान ताणावी लागली तर लांबी चुकली. ठेंगण्या माणसाने कॉम्पॅक्ट मॉडेल मागायला लाजू नये. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचा बोल्टच (प्रत्येक गोळीनंतर हाताने मागेपुढे ओढायचा दांडा) घ्यावा. आणि रायफल खांद्यावरच ठेवून बोल्ट पूर्ण मागे ओढायची सवय करा. अर्धवट ओढला तर पुढचं काडतूस वर येत नाही आणि तुम्ही रिकाम्या नळीने नेम धरून बसता.

रुगर अमेरिकनसारखी साधी रायफल पहिल्या कित्येक वर्षांना पुरते. वाचलेले पैसे चांगल्या ३-९x४० स्कोपवर (३ ते ९ पट मोठं दाखवणारी दुर्बीण), माउंटवर आणि सरावाच्या काडतुसांवर घाला. स्कोप डोळ्यापासून साडेतीन इंच तरी दूर बसवा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

गोळ्या विखुरताहेत? लगेच स्कोपच्या चकत्या फिरवत बसू नका. आधी स्क्रू तपासा: स्कोप धरणाऱ्या बेसचे, रिंगांचे आणि दस्त्याला ॲक्शन (बोल्टची यंत्रणा) धरून ठेवणारे. माझ्या बाबतीत बेसचाच एक स्क्रू सैल होता आणि मी तीन डबे काडतुसं फुकट घालवली. मग नळी थंड होऊ द्या. तापलेल्या बारीक नळीवरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. त्यानंतर दुसऱ्या कंपनीची काडतुसं वापरून बघा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी. तरीही जमलं नाही तर मित्राला झाडायला द्या. त्याच्या गोळ्या एकत्र पडल्या तर दोष रायफलीत नाही.

शेवटचं, भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला वापरू नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. सॅक दुसरी मिळतच नसेल तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका आणि शिवणीतून बोट फिरवा.