घरकुलाचा स्लॅब टाकण्याआधी विजेचं ठरवा: धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांसाठी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाड्यांवर घरकुल मंजूर होतं एका फाइलीवर आणि वीज येते दुसऱ्या. पहिली पंचायत समितीत, दुसरी महावितरणकडे. दोन्ही फायलींची गाठ पडते ती थेट सेंटरिंगवर. लोखंड बांधून झालं, खडी उतरली, मिक्सर उभा राहिला, आणि मग कुणाला तरी आठवतं की पंख्याचा हूक आणि वायरीचे पाइप टाकायचे राहिले. नवा स्लॅब नंतर फोडला की तो पहिल्याच पावसात गळतो. म्हणून विजेचा निर्णय जोता भरतानाच घ्या.

आधी पैशाचा हिशेब. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागाला 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागाला 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. तुमचं गाव कोणत्या यादीत आहे हे चर्चेवरून नाही, मंजुरीपत्रावरच्या आकड्यावरून धरा. रोजगार हमीची मजुरी वेगळी, 90 किंवा 95 दिवसांची. शौचालयाचे 12 हजार वेगळे. राज्याने 2025 साली दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना आणखी 50 हजार जाहीर केले, त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावरच्या सौर संचाला. हे 15 हजार रोख हातात येतील असं धरून चालू नका. संच बसल्याशिवाय त्यांचा विषय निघत नाही. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, तिचा पास तहसीलमधून लागतो. आणखी एक गैरसमज: ‘जनमन’ योजना सगळ्याच आदिवासींसाठी आहे. ती महाराष्ट्रात फक्त कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासाठी आहे. भिल्ल, पावरा, मावची कुटुंबांनी तिच्या अर्जामागे धावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी आवास योजना, शबरी घरकुल आणि 2024 पासूनचं ‘धरती आबा’ अभियान.

किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. 18 बाय 15 फुटांचा जोता घातला की बरोबर बसतं. भाऊ सांगतो, शेजारी सांगतो, म्हणून 25 बाय 20 चा पाया खोदू नका. अर्धवट सोडलेल्या घरकुलांचं सर्वांत मोठं कारण हेच: पैसा लिंटेलला (दारा-खिडक्यांवरच्या पट्टीला) संपतो आणि भिंती तीन-तीन पावसाळे उघड्या राहतात.

वेळापत्रक कागदावर सोपं दिसतं, पाड्यावर नाही. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला गुजरातेत जातं आणि होळीला परततं. होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा गवंड्यांचा हंगाम, पण तेव्हाच झरे आटतात. छज्ज्यासकट 30 चौरस मीटर होणाऱ्या स्लॅबवर, तो पक्का व्हावा म्हणून, दोन इंच पाणी साठवायला दीड हजार लिटर लागतं, आणि वैशाखात रोज दीड-दोनशे लिटर उडून जातं. म्हणजे दहा दिवसांत तीन हजारांवर. एवढं पाणी नसेल तर गोणपाट अंथरून ते सकाळ-दुपार-संध्याकाळ ओलं ठेवा. निम्म्याहून कमी पाण्यात भागतं. जमलं तर पाया आणि जोता दिवाळीच्या आधी उरकून ठेवा. सिमेंट मात्र पावसाळ्यात आणून ठेवू नका. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात दरड आली की गाडी अडकते, आणि गोण्या घरातच दगड होतात.

18 बाय 15 च्या घराला, मध्ये एक भिंत धरून, साडेचार इंची स्लॅब पुरतो. छज्जासकट 30 चौरस मीटर धरलं तर एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाला साधारण 27 गोणी सिमेंट, अर्धा ब्रास वाळू, एक ब्रास खडी आणि दोनशे किलोच्या आसपास लोखंड लागतं. 8 मिलिमीटरच्या सळया दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंचांवर. पाणी गोणीमागे 25 ते 27 लिटर, जास्त नाही. माल सरसर पसरावा म्हणून मजूर पाणी ओततात आणि स्लॅब तिथेच कमजोर होतो.

काँक्रीट पडण्याआधी सेंटरिंगवर चढून एवढं स्वतः तपासा. प्रत्येक खोलीत पंख्याचा डबा, त्याचा हूक सळईत अडकवलेला. 20 किंवा 25 मिलिमीटरचे पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मधून गेलेले, तोंडं कागदाने नाही तर टोप्यांनी बंद केलेली. सौर संचासाठी एक जादा पाइप, स्लॅबवरून थेट मीटरच्या भिंतीपर्यंत. आणि पॅनलच्या पायांसाठी चार ठोकळे, फूटभर लांब-रुंद-उंच, स्लॅबबरोबरच ओतलेले, त्यांत वाकडे बोल्ट उभे. एक ठोकळा साधारण 68 किलोचा होतो, म्हणून तो भिंतीवर येईल असा ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. साडेपाचशे वॅटच्या दोन पॅनलना म्हणजे एक किलोवॅटला सव्वादोन बाय सव्वादोन मीटर जागा पुरते.

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते ती गोष्ट. छतावरच्या सौर संचासाठीच्या केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजारांचं अनुदान आहे, पण त्यासाठी महावितरणचा ग्राहक क्रमांक लागतो. शिवाय हा संच लाइनशी जोडलेला असतो. लाइन गेली की तो स्वतःहून बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. पोलवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून तशीच रचना आहे. रात्रीचा उजेड हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीचा खर्च तुमचा. जिथे आषाढात चार-चार दिवस लाइन नसते तिथे बॅटरीशिवाय संच घेणं म्हणजे बिल कमी करणं, उजेड मिळवणं नाही. दोन्हींतला फरक कळून सही करा.

पाड्यावर लाइनच नसेल तर हिशेब वेगळा. सात वॅटचे पाच दिवे पाच तास, 28 वॅटचा डीसी पंखा आठ तास, दोन मोबाइल: रोज साधारण 420 वॅट-तास. 200 वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात 560 देतं, पावसाळ्यात निम्मं. म्हणजे श्रावणात पंखा बंद ठेवावाच लागणार. बॅटरी 12.8 व्होल्ट 60 अँपिअर-तासाची लिथियम घ्या. शिसं-आम्लाची घेतली तर तेवढ्याच कामाला 100 अँपिअर-तासाची लागते, आणि तिच्यात नदीचं पाणी नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटर. 12 व्होल्टच्या वायरीत वीज गळते: दहा मीटर लांब दीड एमएमच्या वायरीत तीन अँपिअरला पाऊण व्होल्ट जातो आणि टोकाचा दिवा मंदावतो. अडीच एमएम वापरा. कंट्रोलर (बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरू न देणारी पेटी) टाळून थेट बॅटरीवर टीव्ही लावला की बॅटरी पार रिकामी होते, आणि असं वरचेवर झालं तर ती वर्षही काढत नाही. बंद पडलेल्या संचांत हा प्रकार फार दिसतो.

लाइन मागायची तर वाटेतलं जंगल आडवं येतं. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) खाली वीज तारांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन उपवनसंरक्षकाच्या पातळीवर मिळू शकते, अट ग्रामसभेच्या शिफारशीची आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडण्याची. 11 केव्ही लाइनला सात मीटर पट्टा धरतात, म्हणजे एका प्रस्तावात जेमतेम 1.4 किलोमीटर. ग्रामसभा होळीनंतर घ्या. पौषात अर्धा पाडा बाहेर असतो आणि कोरम भरत नाही.

हप्ते अडतात ते बहुतेक तीन कारणांनी: आधार खात्याला जोडलेलं असतं पण थेट लाभासाठी सुरू नसतं, जॉबकार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही, आणि जोत्याचा फोटो मंजूर जागेऐवजी दुसरीकडे काढलेला असतो. जागा बदलायची तर आधी गृहनिर्माण अभियंत्याकडून दुरुस्ती करून घ्या, पाया नंतर. मस्टर (रोजगार हमीचं हजेरीपत्रक) निघण्याआधी खोदलेल्या पायाची मजुरी हातची जाते.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, 20 ते 22 अंश कललेलं. जागा होळीच्या सुमारास ठरवत असाल तर वर मोह आहे का पाहा. तेव्हा तो पानं गाळून बोडका उभा असतो आणि खाली लख्ख ऊन दिसतं. ज्येष्ठात पानं भरली की तिथेच सावली. एका फांदीची सावलीसुद्धा पॅनलची वीज तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त पाडते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. मोह कुणी तोडणार नाही आणि तोडूही नये. दहा फुटी लोखंडी पाइप अडीच फूट काँक्रीटमध्ये रोवून पॅनल अंगणाच्या मोकळ्या टोकाला न्या, वायर चार एमएमची घ्या आणि ती जमिनीखालून पाइपात घाला, उंदीर कुरतडतात.