पोकर खेळताना टक्के डोक्यात कसे काढायचे (आणि 4 ने गुणायची घाई का नको)

नियम येतात असं धरून चालतोय. टक्क्यांचे तक्ते पाठ करा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, टेबलावर तक्ता आठवत नाही, 2 आणि 4 चा पाढा आठवतो.

आधी आउट्स मोजा, म्हणजे तुमचा हात बनवणारे उरलेले पत्ते. फ्लशला (सगळे बदाम किंवा सगळे किलवर असे एकाच प्रकारचे पाच पत्ते) एक पत्ता कमी असेल तर 9, दोन्ही बाजूंनी लागू शकणाऱ्या स्ट्रेटला (ओळीने पाच पत्ते) 8, मधलाच पत्ता हवा असेल तर 4.

मग कॉलची किंमत, म्हणजे समोरच्याइतके पैसे घालून खेळात राहायला किती टक्के शक्यता हवी. पॉट (मधला ढीग) 100, समोरच्याने 50 लावले, तुम्हाला 50 घालायचेत, तर 50 भागिले 200, म्हणजे 25 टक्के. 150 ने भागू नका, स्वतःचे 50 पण धरायचे. अर्ध्या पॉटच्या बेटला 25, पूर्ण पॉटच्या बेटला 33, एवढं लक्षात असलं की भागाकार लागतच नाही.

आता खरी गोची. फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) आउट्स गुणिले 4 असं सगळे सांगतात आणि मीही कित्येक महिने तेच करून चिप्स घालवल्यात. हातात बदामाचा एक्का आणि दश्शी, फ्लॉपवर बदामाचा राजा, बदामाची चौकी, किलवरची नव्वी. 9 चोक 36, हवेत 25, म्हणून मी बिनधास्त कॉल करायचो, टर्नला (चौथ्या पत्त्याला) काहीच यायचं नाही आणि समोरचा परत मोठी बेट टाकायचा. अहो, ते 36 टक्के दोन पत्त्यांचे आहेत आणि तुम्ही पैसे एकाच पत्त्याचे भरलेत! कोणीतरी ऑल-इन असेल (सगळ्या चिप्स लावून बसला असेल) आणि पुढे बेटिंगच नसेल तरच 4. नाहीतर 2 ने गुणा, 18 येतात, खरा आकडा 19. म्हणजे वरचा कॉल नुसत्या पॉटच्या जोरावर परवडत नाही, बदाम आल्यावर समोरच्याकडून सरासरी अजून साधारण 60 चिप्स निघणार असतील तरच करा. आणि त्या 9 मधली बदामाची नव्वी जरा जपून धरा, समोर सेट (एकाच आकड्याचे तीन पत्ते) असला तर तुमचा फ्लश होतो पण त्याचं फुल हाऊस होतं, आणि ते फ्लशला हरवतं.

ऑल-इनला आउट्स 8 च्या वर असले तर जितके जास्त तितके टक्के वजा करा. 15 आउट्सचे 60 येतात, त्यातून 7 गेले की 53, खरे 54.

टर्ननंतर एकच पत्ता उरतो, तेव्हा 2 ने गुणा आणि वर एखादा टक्का धरा.