मोठ्या माशाच्या डोळ्यात फूल पडले, तर आधी पाणी तपासा

माशाला पापणी नसते, आणि त्याच्या डोळ्यातले भिंग वाटोळ्या गोटीसारखे असून बाहुलीतून थोडे पुढे आलेले असते. त्यामुळे घरातल्या काचेच्या टाकीत पाळलेला फूटभर लांबीचा ऑस्कर मासा दचकून काचेवर आदळला किंवा अरोवाना मासा उडी मारताना झाकणाला धडकला, की मार बहुतेक वेळा डोळ्यालाच बसतो. डोळा पांढुरका दिसू लागला म्हणजे घाबरून दुकानातले निळे-पिवळे औषध आणून टाकीत ओतले जाते. माझी कळकळीची विनंती आहे की बाटली उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: बिघाड एका डोळ्यात आहे की दोन्ही डोळ्यांत, आणि टाकीत गेलेले पाणी कुठले आहे.

तपासणी रात्री करावी. खोलीतला दिवा मालवून टॉर्च एका बाजूने तिरपी धरावी. धुरकटपणा डोळ्याच्या वरच्या पडद्यावर असेल, तर उजेड पडताच तो दुधावरच्या सायीसारखा उठून दिसतो. हेच डोळ्यात पडलेले फूल. पांढरा ठिपका बाहुलीच्या आत खोलवर असेल, तर तो मोतीबिंदू समजावा, आणि तो कोणत्याही औषधाने उतरत नाही. डोळा बाहेर आला आहे का, हे मात्र वरून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. एकच डोळा बिघडला असेल, तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही डोळे एकदम बिघडले असतील, तर दोष पाण्यात किंवा माशाच्या शरीरात शिरलेल्या संसर्गात असतो. त्यासोबत पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर प्रकरण गंभीर आहे हे ओळखावे.

पाण्याबाबत आपल्या खानदेशात विशेष सावध राहावे लागते, कारण नळाला रोज पाणी येत नसल्याने पुष्कळ घरांतल्या टाक्या बोअरवर भरल्या जातात. खोल जमिनीतले पाणी दाबाखाली असते आणि त्यात वायू जास्त विरघळलेला असू शकतो. तेच पाणी नळीने थेट टाकीत सोडले, तर तो वायू माशाच्या रक्तात व डोळ्यात बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. एका उन्हाळ्यात मी घाईने अर्धी टाकी अशीच भरली. तासाभरात आतून काचेवर बारीक मोत्यांसारखे बुडबुडे चिकटले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ऑस्करच्या डोळ्याच्या कडेला तसाच एक बुडबुडा चमकत होता. तेव्हापासून बोअरचे पाणी ड्रममध्ये भरून, एअर पंप लावून चोवीस तास ठेवल्याशिवाय मी टाकीत घालत नाही. नगरपालिकेचे पाणी असेल, तर त्यातले क्लोरीन काढणारे द्रावण आधी घालावे.

दुसरा धोका अमोनियाचा, म्हणजे माशाच्या मलमूत्रातून पाण्यात साठणाऱ्या विषारी द्रव्याचा. बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारांचे असते व त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) बहुधा चढा असतो. 25 अंश तापमान आणि 7 पीएच असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. 30 अंश आणि 8 पीएच असताना तोच भाग सात टक्क्यांच्या वर जातो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि त्याच दिवसांत वीज गेली की अमोनिया संपवणारा फिल्टर बंद पडतो. म्हणून पाणी बदलण्याचा हिवाळ्यात चालून गेलेला आळस उन्हाळ्यात माशाच्या डोळ्यावर दिसतो. चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व त्यापासून फिल्टरमध्ये बनणारे नायट्राइट शून्य, आणि पुढे त्याचेच होणारे नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली असावे.

उपचाराची सुरुवात पाणी बदलण्यापासूनच करावी. एक दिवसाआड पाव टाकी पाणी, आधीच्याच तापमानाचे, बदलत राहावे. साध्या फुलाला बहुधा एवढेच पुरते, आणि आठ-पंधरा दिवसांत साय विरळ होताना दिसते. डोळा बाहेर आला असेल, तर आतली सूज उतरण्यासाठी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरावे. हे खाण्याचे मीठ नव्हे. प्रमाण 20 लिटरला एक लहान चमचा. टाकीची लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी व 1000 ने भागावे, म्हणजे लिटर कळतात. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे 240 लिटर पाणी, म्हणजे बारा चमचे होतात. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे, आणि पुढे पाणी बदलताना फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालावे. सूज उतरायला काही आठवडेही लागतात. धीर सोडू नये.

डोळा टोचून पाणी काढणे किंवा माणसाच्या डोळ्यांचे थेंब घालणे कटाक्षाने टाळावे. प्रतिजैविक द्यायचेच असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेगळ्या टाकीत द्यावे, कारण त्याने फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही मरू शकतात. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यतः गुरे येतात. म्हणून माशाचे वरून व बाजूने घेतलेले व्हिडिओ आणि पाण्याचे आकडे सोबत न्यावेत. मोठ्या माशाला हलवताना जाळ्याची गाठ डोळ्याला घासते, तेव्हा त्याला पाण्यासह टबात किंवा जाड पिशवीत घ्यावे. हाताला जखम असेल, तर टाकीत हात घालू नये. माशांच्या क्षयाचे जंतू माणसाच्या त्वचेतही शिरतात.

नदीतले जिवंत मासे खाद्य म्हणून घालण्याची सवय मला मुळीच पटत नाही. त्यांच्यासोबत रोगजंतू आणि परजीवी टाकीत येतात, शिवाय शिकारीच्या झटापटीत डोळ्याला इजा होते ती वेगळीच.

कधी कधी डोळा जातोच. एका डोळ्याचा मासा वर्षानुवर्षे नीट जगतो. फक्त टाकीतले टोकदार दगड काढावेत, मारकुटा जोडीदार वेगळा करावा, आणि दाणे नेहमी चांगल्या डोळ्याच्या बाजूला, काचेवर बोटाने हलकेच दोनदा टिचकी वाजवून टाकावेत. थोड्याच दिवसांत टिचकी ऐकताच तो त्या कोपऱ्यात येऊन थांबतो.