टीव्हीच्या पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड – माझा अनुभव

टीव्हीला जोडलेल्या जुन्या पीसीवर फोर-के पिक्चर सारखा अडकायचा, टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर सीपीयू पार १००% वर, कारण त्याच्या आतल्या ग्राफिक्सला टेन-बिट एचईव्हीसी (फोर-के पिक्चरचा एक व्हिडिओ फॉरमॅट) झेपतच नाही आणि सगळं डिकोडिंग, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडायचं काम, प्रोसेसरच्या अंगावर पडतं. पिक्चर बघायला गेमिंगचं महागडं कार्ड लागत नाही हो, कार्डातला डिकोडर कोणकोणते फॉरमॅट घेतो तेवढं बघा. एनव्हिडियाच्या जीटी १०३० कार्डवर एचईव्हीसी, व्हीपी९ हे फॉरमॅट मस्त चालतात पण एव्ही१ हा नवा फॉरमॅट नाही आणि यूट्यूबवर एव्ही१ भरपूर असतं, म्हणून मी इंटेलचं आर्क ए३८० कार्ड घेतलं, अजिबात अडकत नाही आता. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बघा. आणि टीव्हीला जोडायला एचडीएमआय २.० हवंच, १.४ वर फोर-के ३० हर्ट्झच (सेकंदाला ३० चित्रं) मिळतं, मॅच बघताना लगेच जाणवतं.