रोपे रातोरात आडवी पडत होती : माझा अनुभव

टोमॅटोची पुनर्लागवड केल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी काही रोपे जमिनीलगत कापलेली व आडवी पडलेली दिसली. मी दोन दिवस रोपांच्या मर रोगाचा संशय धरून बसलो आणि ती चूक महागात पडली. त्या रोगात खोड मऊ पडून सडते, येथे मात्र काप ताजा व स्वच्छ होता. पडलेल्या रोपाभोवतीची माती दोन-तीन सेंटिमीटर उकरल्यावर करड्या-काळ्या रंगाची, स्पर्श होताच वेटोळे करणारी जाड अळी सापडली. ही रोपे कुरतडणारी अळी, म्हणजेच कटवर्म, दिवसा मातीत दडते व रात्री बाहेर येते, त्यामुळे भर दुपारी पानांवर केलेली फवारणी तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

रात्री बॅटरी घेऊन मी अळ्या वेचल्या, सकाळी पडलेल्या प्रत्येक रोपाजवळची माती उकरली, आणि उरलेल्या रोपांभोवती पुठ्ठ्याच्या नळ्या 2 ते 3 सेंटिमीटर मातीत खोचल्या. काम कंटाळवाणे होते, पण नुकसान थांबले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूवर आधारित जैविक कीटकनाशकाचा मोह मी टाळला, कारण त्याचा परिणाम लहान अळ्यांवरच चांगला होतो आणि माझ्या अळ्या चांगल्याच पोसलेल्या होत्या.

मूळ कारण तणांत होते. ज्याच्या अंड्यांतून ही अळी निघते तो मादी पतंग बहुधा जमिनीलगतच्या तणांवर अंडी घालतो. मी तण गाडून तिसऱ्याच दिवशी लागवड केल्यामुळे उपाशी अळ्यांना माझ्या रोपांखेरीज खाद्य उरले नव्हते. आता लागवडीपूर्वी किमान दोन ते तीन आठवडे मी शेत तणमुक्त ठेवतो.