मुलाच्या पोटात पाणी साठते तेव्हा: कारण कसे शोधायचे, उपचार कसे होतात, घरी काय मोजायचे

पोटातली आतडी एका पातळ अस्तराच्या पिशवीत असतात. निरोगी मुलात त्या पिशवीत जेमतेम ओलावा असतो. तिथे पाणी साठू लागले की त्याला जलोदर म्हणतात. जलोदर हा स्वतंत्र आजार नाही. यकृत, मूत्रपिंड, हृदय, आतडी किंवा लसिकावाहिन्या (ऊतींतला द्रव आणि आतड्यातली चरबी वाहून नेणाऱ्या नळ्या) यांपैकी कुठेतरी बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. म्हणून कारण कळण्याआधीच 'लघवी वाढवायची गोळी' सुरू करणे ही सर्वात महागात पडणारी चूक असते. डेंगीत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि पोटात पाणी दिसते, पण त्याच वेळी रक्तातले पाणी कमी झालेले असते. अशा मुलाला लघवीचे औषध दिले तर ते शॉकमध्ये (रक्तदाब घसरून अवयवांना रक्त न पोचण्याच्या अवस्थेत) जाऊ शकते. पोटातले पाणी दोनतीन दिवसांत आपोआप परत शोषले जाते.

पाणी आहे की नुसते पोट मोठे?

चालायला लागलेल्या मुलाचे पोट पुढे आलेले असणे नैसर्गिक आहे. मूल उताणे झोपले की ते सपाट होते. पाणी असेल तर उताणे झोपल्यावर दोन्ही कुशी बाहेर फुगतात. बोटाने ठोकून पाहिल्यास वायू असेल तिथे पोकळ आवाज येतो आणि पाणी असेल तिथे बद्द. मुलाला कुशीवर वळवून मिनिटभर थांबले की बद्द आवाजाची जागाही सरकते. रडणाऱ्या तान्ह्या बाळात मात्र या तपासणीवर भरवसा ठेवू नये. थोडे पाणी हाताला कळतच नाही, ते सोनोग्राफीत दिसते. पोटातली मोठी, पातळ भिंतीची गाठ हुबेहूब जलोदरासारखी भासते, पण कूस बदलली तरी तिच्यातले पाणी जागा सोडत नाही. ही चूक होते, त्यामुळे सोनोग्राफीशिवाय सुई घालू नये.

वयानुसार कारणे बदलतात

नवजात मुलग्याच्या पोटात पाणी असेल तर आधी मूत्रमार्ग पाहावा. मूत्रमार्गात जन्मतः झडप असली की लघवी तुंबते, दाब वाढतो आणि ती पोटात गळते. अशा पाण्यातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीतून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) रक्तापेक्षा बरेच जास्त असते. गंमत अशी की पोटातली लघवी पुन्हा रक्तात शोषली गेल्याने रक्तातलेही क्रिएटिनिन वाढते आणि मूत्रपिंडे आहेत त्यापेक्षा जास्त खराब वाटतात. पहिला उपाय म्हणजे मूत्राशयात नळी घालून लघवीला वाट करून देणे.

लसिकावाहिनी गळत असेल तर पाणी दुधाळ असते, पण दूध सुरू झाल्यावरच. बाळाच्या पोटात अजून दूध गेलेले नसेल तर हेच पाणी स्वच्छ पिवळे दिसते आणि फसवते. पाण्यातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) २०० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर असेल तर निदान पक्के होते. उपचार आहारापासून सुरू होतात: मध्यम साखळीची चरबी असलेले खास दूध, तेही पुरेसे न पडल्यास काही काळ शिरेतून पोषण, आणि गरज लागली तर ऑक्ट्रिओटाइड हे लसिकेची गळती कमी करणारे औषध.

तान्ह्या बाळात यकृताची बाजू जास्त गंभीर. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली आणि शी पांढरट, मातकट होत असेल तर पित्तनलिका बंद असल्याची शंका घ्यावी. त्यासाठीची कासाई शस्त्रक्रिया (आतडे थेट यकृताला जोडून पित्ताला वाट देणे) बाळ ६० दिवसांचे होण्याच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. पोटात पाणी दिसेपर्यंत थांबलो तर यकृत बरेच कडक झालेले असते. गॅलॅक्टोसेमिया, टायरोसिनेमिया यांसारखे चयापचयाचे आजारही याच वयात जलोदर आणि कावीळ घेऊन येतात. गॅलॅक्टोसेमियात दूध बंद करणे हाच पहिला उपचार असतो, म्हणून ही तपासणी लांबवू नये.

मोठ्या मुलात सकाळी डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी आणि मग पोट, असा क्रम असेल तर नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडांतून लघवीत प्रथिने गळण्याचा आजार. पायांच्या मानाने पोटच जास्त फुगले आणि मानेच्या शिरा तट्ट दिसल्या तर हृदयाभोवतीचे आवरण आवळले गेले असण्याचा संशय घ्यावा. क्षयरोग, विल्सनचा आजार (यकृतात तांबे साठणे), यकृताच्या शिरेतली रक्ताची गुठळी, स्वादुपिंडाचा दाह आणि क्वचित कर्करोग हेही यादीत ठेवावेत.

पाणी काढून तपासणे

नेफ्रोटिक सिंड्रोम स्पष्ट असेल आणि ताप किंवा पोटदुखी नसेल, किंवा डेंगीसारख्या तापात पाझरलेले पाणी असेल, तर सुईची गरज नसते. बाकी नव्याने जलोदर झालेल्या बहुतेक मुलांत एकदा तरी पाणी काढून पाहावे. मूत्राशय रिकामे करतात, सोनोग्राफीने जागा ठरवतात. बहुधा ती पोटाच्या डाव्या खालच्या भागात, कंबरेच्या हाडाच्या टोकाच्या थोडी आत आणि वर असते. कातडी जराशी खाली ओढून सुई घालतात, म्हणजे सुई निघाल्यावर कातडीचे आणि आतले भोक एका रेषेत राहत नाही आणि पाणी पाझरत नाही. तरी पाझरलेच तर मुलाला दुसऱ्या कुशीवर झोपवून दाबपट्टी बांधतात.

पाण्यातल्या पेशी, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन), एकूण प्रथिने आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणे) या तपासण्या नेहमीच्या. कल्चरसाठीचे पाणी खाटेपाशीच रक्त-कल्चरच्या बाटलीत भरावे, नाहीतर जंतू सापडण्याची शक्यता घटते. रक्तातले अल्ब्युमिन त्याच दिवशी तपासावे. समजा रक्तात २.६ आणि पाण्यात ०.९ ग्रॅम प्रति डेसीलिटर आहे. फरक १.७ झाला. हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर यकृताच्या शिरांमधला दाब वाढलेला असतो. कमी असेल तर क्षयरोग, कर्करोग, नेफ्रोटिक सिंड्रोम, स्वादुपिंड यांकडे पाहावे.

उपचार

यकृताच्या जलोदरात मीठ आवरण्यापासून सुरुवात होते. दिवसाला किलोमागे १ ते २ मिलिमोल सोडियम, म्हणजे १० किलोच्या मुलाला मिळून साधारण ०.६ ते १.२ ग्रॅम मीठ, पाव चहाचमच्याहूनही कमी. त्यात खाण्यातले मुळातले सोडियमही धरायचे. विरघळून फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'कमी सोडियमचे मीठ' वापरू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि पुढे येणाऱ्या औषधाबरोबर ते धोकादायक पातळीला जाते. पाणी मात्र सरसकट तोडायचे नसते. रक्तातले सोडियम लिटरमागे १२५ मिलिमोलच्या खाली गेले तरच त्याचा विचार होतो. आईचे दूध कमी करू नये. त्यात सोडियम मुळातच थोडे असते.

औषधांत स्पायरोनोलॅक्टोन पहिले. ते लघवी वाढवते आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला रोखते, आणि यकृताच्या आजारात अल्डोस्टेरॉन वाढल्यामुळेच मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. किलोमागे दिवसाला १ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात होते. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून रोज मात्रा वाढवण्यात अर्थ नाही. गरजेनुसार फ्युरोसेमाइड हे लघवीचे दुसरे औषध जोडतात, एकटे सहसा देत नाहीत. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासल्याशिवाय मात्रा बदलू नये. वजन रोज ०.५ ते १ टक्क्यापेक्षा जास्त घटू लागले तर औषध कमी करावे लागते.

पोट इतके ताणले की श्वास घेणे किंवा जेवणे अवघड झाले, तर बरेचसे पाणी एकदम काढतात आणि सोबत अल्ब्युमिन देतात. मात्रा किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला २५ टक्क्यांचे २० ते ४० मिलिलिटर. अल्ब्युमिन घाईने सोडले तर फुप्फुसांत पाणी उतरते. मूळ यकृत सुधारण्यासारखे नसेल तर पाणी पुन्हा भरते, आणि प्रत्यारोपणाची चर्चा लवकर सुरू करावी लागते.

नेफ्रोटिक सिंड्रोमचा मूळ उपचार प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे: आजार पहिल्यांदा उद्भवला की रोज किलोमागे २ मिलिग्रॅम, पण दिवसाला ६० च्या वर नाही, पुढे एक दिवसाआड कमी मात्रा. लघवी स्वच्छ होऊ लागली की पोटही उतरते. स्टेरॉइड अचानक थांबवू नये.

घरी काय मोजायचे

वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, दूध किंवा खाणे देण्याआधी, त्याच काट्यावर. पोटाचा घेर उताणे झोपवून, बेंबीवरून, श्वास सोडल्यावर मोजावा. टेपची जागा बाजूला पेनाने खूण करून ठेवावी, नाहीतर फीत वरखाली सरकते आणि एकदोन सेंटिमीटरचा फरक उगाच दिसतो. डायपर कोरडा असताना आणि ओला झाल्यावर तोलावा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर लघवी. तान्ह्या बाळाची लघवी तासाला किलोमागे १ मिलिलिटरच्या खाली गेली तर डॉक्टरांना कळवावे.

वजनाचा एक मोठा घोळ आहे. बाळ 'चांगले वाढतेय' असे काटा सांगतो आणि प्रत्यक्षात पाणीच वाढत असते. दंड मात्र बारीक होत जातात. म्हणून आठवड्यातून एकदा दंडाचा घेरही मोजावा. यकृताच्या मुलाला नेहमीपेक्षा जास्त, सुमारे १३० ते १५० टक्के उष्मांक लागतात. प्रथिने घाबरून तोडू नयेत. पोट दाबले जात असल्याने थोडे थोडे, वारंवार द्यावे. ताप किंवा दुखण्यासाठी आयबुप्रोफेन देऊ नये, मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो.

ताप, पोटदुखी, उलट्या, किंवा कारण नसताना मूल सुस्त पडले, तर साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता आहे. पाण्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २५० प्रति घन मिलिमीटर किंवा जास्त आले की कल्चरची वाट न पाहता सेफोटॅक्सिमसारखे प्रतिजैविक सुरू करतात. ताप नसला तरी हा संसर्ग असू शकतो. काळी शी, रक्ताची उलटी, झपाट्याने श्वास, गोंधळलेली झोप किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग, बेंबीचा हर्निया कडक, जांभळा किंवा ओला दिसणे: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बेंबीची पातळ कातडी फुटली तर पाणी बाहेर येते आणि जंतूंना आत जायला थेट वाट मिळते. तिथे स्वच्छ ओली पट्टी ठेवून निघावे, दाबून आत ढकलू नये.