भडंगाच्या कढईतला ग्रॅनोला

लेक पुण्याहून आली की बॅगेत एखादं नवं पाकीट असतंच. मागच्या खेपेला ग्रॅनोला होता, म्हणजे नाश्त्याला दह्या-दुधात घालून खायचे भाजलेले गोड ओट्स. ४०० ग्रॅम, ३५० रुपये. मी वाटीभर ओतून बघितला, तर ओट्स, बदामाचा चुरा आणि मोजून अकरा बेदाणे! माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, दादाची द्राक्षबाग. आमच्याकडे बेदाणा डब्यानं येतो. म्हटलं, हे घरीच करू.

पहिला घाणा वाया गेला, तेही त्या बेदाण्यापायीच. सगळं एकत्र कालवून ओव्हनमध्ये ठेवलं. बेदाणे आधी टम्म फुगले, मग काळे पडून कडक झाले. ह्यांनी एक चावला आणि विचारलं, "बेदाणे आहेत का छर्रे?" तेव्हापासून बेदाणा सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर.

साहित्य असं. ओट्स ३०० ग्रॅम, शेंगदाणे १००, बदाम ५०, भोपळ्याच्या बिया ५०, तीळ २५, गूळ १००, तेल ५० मिली, बेदाणे १००, चिमूटभर मीठ, वेलदोडा. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडी बोथट लागते. ओट्स जाड घ्या. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा भुगा होतो. गूळ साधाच, पण किसलेला. चिक्कीचा गूळ नको, त्यानं दगड होतो.

बेदाणा आदल्या रात्रीच तयार ठेवायचा. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून मग शेडमध्ये जाळीवर टाकतात. त्यामुळं बेदाणा आधी धुवा, देठं काढा आणि कापडावर रात्रभर पसरा. ओलसर राहिला तर सगळा डबा मऊ पडतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून काही तो बिनदेठाचा येत नाही.

आता कढई. ओव्हन असेल तर बेदाणे सोडून सगळं कालवून १५० अंशावर अर्धा तास, मधे एकदा हलवून. पण मला भडंगाची मोठी लोखंडी कढईच सोयीची वाटते, सगळं डोळ्यांसमोर असतं. शेंगदाणे भाजून, सोलून, अर्धे करा. बदामाचे काप आणि बिया मंद आचेवर भाजा. तीळ तडतडला की लगेच उतरवा. मग ओट्स, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. भडंग परततो तसं तळापासून वर उचलत राहायचं. खमंग वास सुटला आणि कडेचे ओट्स बदामी दिसले की काढा.

त्याच कढईत तेल, गूळ आणि दोन चमचे पाणी. गूळ विरघळून फेस आला की पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघा. बोटात धरल्यावर मऊ गोळी झाली पाहिजे. चिक्कीसाठी आपण ती टणक होऊन ताटलीत टण्ण वाजेपर्यंत थांबतो, इथं तेवढं थांबायचं नाही. मीठ, वेलदोडा घाला, भाजलेलं सगळं ओता आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहा. आधी ओला गोळा दिसेल, घाबरू नका. हळूहळू सुटा व्हायला लागतो. चमचाभर ताटलीत काढून दोन मिनिटं थांबा आणि चावून बघा. कुरकुरला तर झाला, चिवट लागला तर आणखी दोन मिनिटं.

बेदाणे मिसळून मोठ्या ताटात पसरा आणि उलथन्यानं दाबून ठेवा. गार होईपर्यंत हात लावला नाही तर छान ढेकळं होतात. कोमट असताना डबा बंद केला की झाकणाला घाम येतो. एकदा मी गडबडीत ते केलंय. तेव्हा पुन्हा पाच मिनिटं कढईत परतून सावरलं, अर्थात बेदाणे वेचून बाजूला काढून. पावसाळ्यात तर लहान डबे भरा, एकच मोठा सारखा उघडू नका.

मला पडलेला हिशोब: ओट्स ६०, शेंगदाणे १५, बदाम ४०, बिया ३०, तीळ ६, गूळ ६, तेल ८. बेदाणा मला फुकट, पण विकतचा २५ धरला तर १९० रुपये. हातात पाऊण किलोच्या आसपास येतो. बदाम निम्मे करून शेंगदाणे वाढवले तर आणखी स्वस्त, आणि खरं सांगायचं तर चवीलाही मला तोच आवडतो.

पौष्टिक आहे म्हणून वाडगाभर खाऊ नका. गूळही साखरच, शुगर असणाऱ्यांनी तर बेतानंच. आमच्याकडे मोजायला चहाची बशी आहे: एक बशी, वर दही. हे मात्र दही बाजूला सारून, भडंगासारखा मूठभर नुसताच तोंडात टाकतात.